सरांनी भरलेला फॉर्म

एका हातात झारा, कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला मोबाइल, आणि समोर दहा-बारा गिऱ्हाइकं "तिखट जास्त", "तिखट नको" असा ओरडा करत उभी. अशा भर दुपारी बारा वाजता लियाव सरांनी गुइलानकडे ते सहा आकडे मागितले. "लिंगयुनच्या आई, तुमच्या मोबाइलवर आत्ता मेसेज आला असेल बघा. त्यातले सहा आकडे तेवढे वाचून दाखवा. फॉर्मचं जरा किरकोळ काम आहे." आणि या बाईनं ते धडाधड वाचून दाखवले. वर "सर, तुमचे उपकार कसे फेडू" असंही म्हणाली.

तिला हसू नका. आमच्या तालुक्यात मास्तरानं मागितलं आणि आईबापानं दिलं नाही, असं आजवर झालेलं नाही. मास्तर म्हणाले पोरीचे केस कापा, कापले. मास्तर म्हणाले पहाटे साडेपाचला शाळेत पाठवा, पाठवली. तीन वर्षं पोरगी त्यांच्या हवाली केली होती, तिथं सहा आकड्यांचं काय मोठंसं! गुइलाननं मोबाइल एप्रनच्या खिशात टाकला आणि पुढच्या वाडग्यात शेवया काढल्या.

अडीचला गर्दी ओसरली तेव्हा लिंगयुन आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत संत्र्याची पानं. बसस्टँडच्या मागच्या डोंगरावर एका म्हाताऱ्याची बाग आहे, तिथली. आल्या आल्या तिनं बशी घेतली, पान कापलं आणि औषधाच्या दुकानातलं आयोडीन त्यावर टाकलं. पान काळं पडलं की झाड गेलं म्हणून समजायचं.

"माझ्या बश्या खराब करू नकोस गं बाई," गुइलान म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणेल शेवयांना औषधाचा वास येतोय."

"धुते ना."

"धुतेस कसली! राहू दे. दोन घास खाऊन घे आधी."

ही पोरगी अठरा वर्षांची. जूनच्या कॉलेज-प्रवेश परीक्षेत साडेसातशेपैकी सहाशे अठ्ठावन्न गुण. शाळेत पहिली, तालुक्यात दुसरी. आणि डोक्यात एकच गोष्ट, संत्र्याची झाडं. तीही उगाच नव्हती. सहा वर्षांपूर्वी यांच्या स्वतःच्या डोंगरावर तीनशे झाडं होती. पिवळ्या फांदीचा रोग आला. सरकारी माणसं आली, त्यांनी खोडाखोडावर लाल रंगाची फुली मारली, करवतीनं झाडं पाडली आणि तिथंच जाळली. आठ दिवस गावभर संत्र्याच्या सालीचा धूर. त्या धुरानंतर लिंगयुनचा बाप दूर तुंगक्वान शहरात फर्निचरच्या कारखान्यात गेला, आणि गुइलाननं बसस्टँडवर शेवयांची टपरी टाकली. बारा वर्षांच्या लिंगयुननं त्या सरकारी माणसांपैकी एकाला विचारलं होतं, "यावर औषध का नाही?" तो हसून म्हणाला, "अजून कुणाला सापडलं नाही. तू शोध." तो गमतीत बोलला. हिनं गंमत समजली नाही.

गेलं वर्षभर ही पोरगी कॉलेजं शोधत होती. बाकीची पोरं नावं बघायची, ही काम बघायची. कुठं या रोगावर माणसं बसली आहेत, कुठं पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत हात लावू देतात, कुणी किती वर्षं एकाच झाडाच्या मागं लागलंय. शेवटी यांगत्सेच्या काठावरच्या एका कृषी विद्यापीठावर तिचं बोट थांबलं. तिथल्या एका प्राध्यापकांना तिनं पत्र लिहिलं, त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं: ये, पहिल्या आठवड्यात भेट, येताना तुमच्याकडच्या पानांचे फोटो आण. परवाच शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून तिनं फॉर्म भरला. पहिल्या क्रमांकावर तेच विद्यापीठ, शाखा वनस्पतीसंरक्षण. काल पुन्हा उघडून एक चूक दुरुस्त केली. संपला विषय.

लियाव सरांना मात्र तो विषय संपवायचा नव्हता. "सहाशे अठ्ठावन्न गुण घेऊन शेतकी कॉलेज?" ते वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले होते. "सोन्याच्या कुदळीनं चिखल उपसणार का?" लिंगयुन म्हणाली होती, "सर, चिखलातच झाडं असतात." वर्ग हसला, सर हसले नाहीत.

आणि आता टपरीवर बसून ती शेवया ओढत होती, तेव्हा गुइलान कौतुकानं म्हणाली, "तुझे सर मात्र देवमाणूस हं. सुट्टीतही फॉर्मच्या मागं आहेत. दुपारी फोन करून आकडे विचारले."

लिंगयुनच्या शेवया खायच्या काड्या वाडग्यातच थांबल्या. "कसले आकडे?"

"मेसेजमधले. सहा होते."

"आणि तू दिलेस?"

"मग? सरांना नाही म्हणू?"

पोरीनं आईच्या एप्रनमधून मोबाइल काढला. फॉर्मचं पान उघडायला वेळ लागत होता, ते गोल गोल फिरत होतं आणि गुइलानला तिच्या चेहऱ्यावरनंच कळलं की आपण काहीतरी करून बसलोय. पान उघडलं. पहिल्या क्रमांकावर राजधानीतलं ते मोठं विद्यापीठ. ज्याच्या दारात उभं राहून लोक नुसते फोटो काढून येतात ते. कृषी विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावर ढकललेलं. आणि राजधानीच्या नावाखाली एका चौकोनात बरोबरची खूण: "मिळेल ती शाखा चालेल."

"म्हणजे काय?" गुइलाननं विचारलं.

"म्हणजे माझ्या गुणांवर ते मला कसंबसं आत घेतील आणि जिथं कुणी जात नाही तिथं बसवतील. ग्रंथपाल करतील, नाहीतर जुन्या कागदांची यादी करायला लावतील. आणि पहिल्यानं घेतलं की दुसऱ्यापर्यंत कुणी जातच नाही."

"मग बदल की परत!"

"तीनदाच भरता येतो. पहिली वेळ माझी, दुसरी माझी. तिसरी सरांनी वापरली." तिचा आवाज अगदी सपाट होता. "पाच वाजता साइट बंद."

खोटं कशाला बोला, 'राजधानी' हा शब्द ऐकून क्षणभर गुइलान हरखली होती. आपली पोरगी त्या दारातनं आत जातेय, टपरीवर येणारा जाणारा विचारतोय, बापाच्या कारखान्यात चर्चा होतेय. एक क्षणच. मग तिला स्वतःचीच इतकी चीड आली की ती सगळी चीड तिनं लियाव सरांच्या नावानं काढली. "थांब, बघतेच त्या माणसाकडे!" असं म्हणून तिनं शेवयांच्या भांड्याखालचा गॅस बंद केला, फळी खाली ओढली आणि आत अजून खात बसलेल्या दोघांना सांगितलं, "खाऊन झालं की वाडगे तिथंच ठेवा आणि मागच्या दारानं जा."

इलेक्ट्रिक स्कूटरवर मायलेकी शाळेत पोचल्या तेव्हा सव्वातीन वाजले होते. फाटकावर शिडी लावून दोन माणसं लाल कापडाची लांबी मोजत होती. खाली कापड पसरलेलं, त्यावर पिवळ्या अक्षरांत राजधानीच्या विद्यापीठाचं नाव आणि पुढं "चुंग लिंगयुन हिचं हार्दिक अभिनंदन". प्रवेशाची यादी लागायला अजून तीन आठवडे होते! बाळ जन्मायच्या आधी बारशाचे पेढे वाटणारे हे लोक.

"हे कुणी छापायला सांगितलं?" गुइलान ओरडली. माणसं शिडीवरनं म्हणाली, "आम्हाला काय माहीत ताई, ऑफिसात विचारा."

ऑफिसात मुख्याध्यापक श्ये आणि लियाव सर दोघंही बसले होते. श्ये म्हणजे गोड बोलून गळा कापणारा माणूस. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा ओतला. "या, या! तालुक्याची शान! बसा."

"बसायला नाही आले. माझ्या पोरीचा फॉर्म कुणी बदलला?"

लियाव सरांनी लपवलं नाही, तेवढं कबूल करायला हवं. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस, बाहीला खडूची पांढरी रेघ. म्हणाले, "मी. आणि तिच्या भल्यासाठी. आज तिला राग येईल, दहा वर्षांनी माझे पाय धरेल."

"भल्यासाठी? मग मला फोनवर किरकोळ काम म्हणून का सांगितलंत? भलं करणारा माणूस खोटं बोलून भलं करतो का हो?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणूनच विचारायला हवं होतं!"

श्ये मध्ये पडले. "हे बघा, रागावू नका. कॉलेज एकदा मोठं मिळालं की शाखेचं काय? त्याचं सोनं करणं आपल्या हातात असतं. हुशार मूल कुठंही चमकतं."

"कुठंही चमकतं ना, सर?" लिंगयुन मध्येच बोलली. "मग मला पाहिजे तिथं चमकू द्या की."

श्येंनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते आईला सांगत राहिले. आपल्या शाळेतनं त्या विद्यापीठात आजवर एकही मूल गेलं नाही, शेजारच्या तालुक्यातनं गेल्या साली दोन गेली, जिल्ह्याच्या सभेत आपल्याला मागच्या रांगेत बसवतात, पोरीला शाळेकडून सत्कार, बक्षीस, लॅपटॉपसुद्धा. बोलता बोलता ते सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. गुइलानच्या ते लक्षात आलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस चहा पाजत नाहीये, पाच वाजवतोय!

"आई, चल," लिंगयुन म्हणाली. "तालुक्याच्या परीक्षा कार्यालयात फॉर्म उघडून देतात. नियम आहे. विद्यार्थी स्वतः हजर, ओळखपत्र, आणि आई किंवा बापाची सही." नियमांचं पुस्तक या पोरीनं पाठ केलं होतं. ज्याला जिथं जायचं असतं, त्याला तिथला रस्ता पाठ असतो.

श्येंचा चेहरा पडला. "अहो, पण चहा तरी..."

"तुमचा चहा तुम्हीच घ्या," गुइलान म्हणाली. "गार झालाय, तुमच्यासारखाच."

परीक्षा कार्यालय नदीपलीकडं. पुलावर संत्र्याच्या पेट्या नेणारा ट्रक अडकला होता, दूरच्या कुठल्यातरी बागेतला माल. स्कूटर ढकलत ढकलत त्या पलीकडं गेल्या आणि पोचल्या तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. काउंटरवर फान बाई होत्या. जाड चष्मा, समोर शेंगदाण्यांची पुडी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आकडे तुम्हीच दिलेत ना? मग तक्रार लिहून उपयोग नाही. ज्याच्या हातात मेसेज, त्याची जबाबदारी."

"हो बाई, मीच दिले! मूर्ख मी! लिहून देऊ का तसं?"

"ते नको." फान बाईंनी ड्रॉवरमधनं एक कागद काढला. "फॉर्म एकदा उघडून देता येतो. विद्यार्थिनीनं इथं सही करायची, पालकानं इथं. पण एक सांगते, पालकाची सही नसेल तर माझे हात बांधलेले आहेत."

लिंगयुननं लगेच सही केली. गुइलाननं पेन घेतलं आणि नेमका मोबाइल वाजला. नवरा.

"अगं, मुख्याध्यापकांचा फोन आला होता मला! राजधानी लागतेय म्हणे आपल्या पोरीला! मी इथं आनंदानं सगळ्यांना सिगारेटी वाटल्या!"

"वाटल्यात? मग एक स्वतः ओढा आणि गप्प बसा."

"म्हणजे? हे बघ, सही-बिही काही करू नकोस. श्ये सरांनी सांगितलंय मला. तू शेवया विकतेस, तुला यातलं काय कळतं?"

"तुम्ही कपाटं ठोकता, तुम्हाला काय कळतं?" गुइलान म्हणाली. "ज्या पोरीला कळतं तिला तुम्ही विचारलंत का?" नवरा जरा नरमला. मग म्हणाला, "दे तिला फोन." लिंगयुननं मान हलवली, घेतला नाही. गुइलाननं मोबाइल बंद करून टाकला.

पण पेन कागदावर टेकलं नाही. ते तिथंच अधांतरी राहिलं. राजधानी. तिच्या माहेरच्या सात पिढ्यांत कुणी जिल्ह्यापलीकडं शिकायला गेलं नव्हतं. आता ही सही केली की ती उघडलेली दारं आपल्याच हातानं बंद. उद्या पोरगी म्हणाली, आई, तू का थांबवलं नाहीस, तर? लिंगयुन शेजारी उभी होती. ती आईच्या हाताकडे बघत होती, तोंडाकडे नाही. एक शब्द बोलत नव्हती.

तेवढ्यात लियाव सर धापा टाकत आत आले. एकटेच. सायकलवर आले असावेत, शर्ट पाठीला चिकटला होता.

"लिंगयुनच्या आई, थांबा. मास्तरांना बक्षीस मिळतं खरं, पण मी त्यासाठी नाही केलं. कुणाचीही शपथ घ्यायला सांगा. बावीस वर्षं मी इथं शिकवतोय. बावीस वर्षं. त्या दारातनं आपलं एक मूल आत गेलेलं मला बघायचं होतं. एकच. या पोरीला ते जमण्यासारखं आहे हो. पुन्हा असं मूल कधी हाताखाली येणार?"

गुइलाननं पेन काउंटरवर आपटलं. दुपारपासून साठलेलं सगळं तिच्या तोंडातनं बाहेर पडलं. "तुम्हाला बघायचं होतं! तुम्हाला! अहो, तुम्हाला एवढं जायचं होतं तर तुम्ही जायचं होतं सर, माझ्या पोरीच्या पायांनी कशाला निघालात? तीन वर्षं तुमच्या पाया पडत होते मी. पहिल्या वाफेच्या शेवया तुमच्याकडे पाठवत होते. मास्तर म्हणजे काय, पोराचा दुसरा बाप, असं समजत होते. आणि तुम्ही माझ्याच तोंडानं माझ्या पोरीचं वाटोळं करायला निघालात! शरम नाही वाटत?"

मागच्या टेबलावरचा कारकूनही टायपायचं थांबला. लियाव सर भिंतीला टेकले.

"मीसुद्धा जाणार होतो," ते म्हणाले. आवाज इतका खाली की फान बाईंनी मान पुढं केली. "गुण होते. तेव्हा फॉर्म कागदाचे असायचे. घरात पाच तोंडं होती आणि शिक्षक विद्यालयात जेवण फुकट मिळायचं. बापानं परस्पर भरून टाकला. मला निकालाच्या दिवशी कळलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

लिंगयुन त्यांच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मग सर, कसं वाटतं ते तुम्हाला तर माहीत होतं."

सर दाराकडे गेले, दाराशी थांबून त्यांनी बाहीवरचा खडू झटकला. आणि बाहेर पडले.

"चार चाळीस," फान बाई म्हणाल्या. "माझं मशीन सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतं. सही करणार असाल तर आत्ता."

गुइलाननं पेन उचललं. तिचं तोंड अजून लाल होतं, पण राग कुठंतरी दुसरीकडं वळला होता. जे ती सरांवर ओरडली, ते सगळं तिला आता स्वतःच्याच कानात ऐकू येत होतं. माझ्या पोरीच्या पायांनी कशाला निघालात.

"मलाही आवडलं होतं गं," ती म्हणाली. "राजधानी म्हटल्यावर. दुपारी, टपरीवर."

"माहीत आहे," लिंगयुन म्हणाली. "तुझ्या तोंडावर दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस? सरांशी भांडलीस, मुख्याध्यापकांना सुनावलंस, मला एक शब्द नाही!"

"सही तुझी लागणार होती," लिंगयुन म्हणाली. "तू चिडली असतीस तर?"

गुइलाननं तिच्याकडे बघितलं. शाळेला न भ्यालेली ही पोरगी दुपारपासून आपल्याला भीत होती. गप्प बसून, हाताकडे बघत, जपून जपून आपल्याला इथवर घेऊन आली होती. गुइलानला वाटलं कुणीतरी आपल्या थोबाडीत मारावी. कुणी मारली नाही.

तिनं सही केली. घाईत शेवटचं अक्षर रेघेखाली गेलं. "हे चालेल का?" तिनं विचारलं.

"चालेल," फान बाई म्हणाल्या आणि त्यांनी शेंगदाण्यांची पुडी बाजूला सारून मशीन सुरू केलं.